वर्गणी आणि दान : किनाऱ्यावरून जाणाऱ्या सायकलींच्या निमित्ताने

थंडी सुरू झाली की कोकणच्या सागरी मार्गावर सायकलींचे ताफे दिसू लागतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याला फेरीबोटीत सायकल चढवायची आणि दिघीला उतरायचे. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळची खाडी पार केली की गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी गोवा. पाच-सहाशे किलोमीटरचा हा प्रवास लोक सात-आठ दिवसांत करतात. रस्ता चढउताराचा असल्यामुळे तो सोपा नाही. जो हा प्रवास पुरा करतो त्याच्या पायात दम आहे, हे मान्य करायलाच हवे.

यातले काही ताफे नुसते हौसेसाठी येत नाहीत. ते 'समाजकार्यासाठी' येतात. सायकल चालवणारा आपल्या ओळखीच्यांकडून, कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडून किलोमीटरमागे अमुक रुपये असे वचन घेतो. कंपनी सामाजिक उत्तरदायित्वाच्या खात्यातून त्यात भर घालते. पैसा एखाद्या संस्थेकडे जमा होतो आणि वाटेतल्या एक-दोन गावांत दप्तरे, वह्या, सौरदिवे यांचे वाटप होते. फोटो निघतात आणि ताफा पुढे जातो.

या सायकलस्वारांशी आमचे भांडण नाही. त्यांच्यातले बरेच जण मनापासून आलेले असतात. आम्हाला बोलायचे आहे ते या पद्धतीविषयी, आणि त्याहून जास्त आपल्या वाड्यांतल्या तरुणांशी. कारण हा ताफा गावात येतो तेव्हा 'गरजूंची यादी' मागितली जाते, आणि त्या यादीत बहुतेक वेळा बौद्धवाडी आणि कातकरीवाडी असते. अशा वेळी आपण काय करायचे? दप्तर घ्यायचे की परत करायचे? रांगेत उभे राहायचे की नाही?

कोकणातले गाव कसे वसलेले असते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मुख्य रस्त्याला लागून बाजारपेठ, देऊळ, मोठ्या बागायतदारांची घरे. कोळीवाडा बंदराला, कुणबीवाडी आत. बौद्धवाडी बहुतेक ठिकाणी गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे नाहीतर चढावर. सागरी मार्गावरून जाणाऱ्याला समुद्र दिसतो, माडा-पोफळीच्या बागा दिसतात, कौलारू घरे दिसतात. वाडी दिसत नाही. ती दिसू नये अशीच गावाची मांडणी शेकडो वर्षांपूर्वी झालेली आहे. म्हणून वाडीतल्या मुलांना दप्तर घेण्यासाठी खाली शाळेच्या पटांगणात बोलावले जाते. देणारा वाडीत जात नाही. घेणारा खाली येतो.

आम्ही ज्या वाड्यांत काम करतो त्यातल्या एका वाडीतला प्रसंग सांगतो. असाच एक ताफा आला होता. पटांगणात खुर्च्या मांडल्या, सरपंचांचे भाषण झाले, मुलांना दप्तरे मिळाली. मुलांनी दप्तर छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायचे, असे सांगण्यात आले. कार्यक्रम संपता संपता वाडीतल्या एका आईने विचारले, "दप्तर चांगलं आहे, पण आठवीनंतर मुलीनं जायचं कसं? सकाळची एसटी बंद झालीय." पाहुण्यांकडे उत्तर नव्हते. फेरीबोटीची वेळ झाली होती. सगळे टाळ्या वाजवून निघून गेले. दप्तर अजून त्या मुलीकडे आहे. सकाळची एसटी मात्र पुढे कित्येक महिने आली नाही.

त्या आईचा प्रश्न हा खरा प्रश्न आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे नियम सांगतात. असे असताना सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. कोकणात वाड्या लहान आणि विखुरलेल्या, लोक पोटासाठी मुंबईला गेलेले. इथल्या शाळांचा पट कमीच असणार. शाळा बंद पडते तेव्हा सगळ्यात लांब चालत जावे लागते ते टोकाच्या वाडीतल्या मुलांना. मुलीचे शिक्षण अनेकदा तिथेच थांबते. दप्तर वाटणारे त्या दिवशी कुठे असतात? शाळा वाचवण्याच्या निवेदनावर त्यांची सही असते का?

इथे बाबासाहेबांकडे जाऊ, कारण दान आणि हक्क यांतला फरक त्यांनी याच जिल्ह्यात करून दाखवला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला मिळावे म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, अशी नोंद धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात केली आहे. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ पासून कागदावर होता. तळे समोर आणि पाणी विकत, अशी अवस्था होती.

आता कल्पना करा. त्या दिवशी एखादा दयाळू शेठ पुढे आला असता आणि म्हणाला असता, "तुम्ही तळ्यावर कशाला जाता? मी तुमच्यासाठी वेगळी पाणपोई घालून देतो, थंडगार वाळ्याचे पाणी, फुकट." हजारो माणसांची तहान भागली असती. शेठचे नाव झाले असते. महाडच्या सवर्णांनाही ते फार आवडले असते, कारण तळे तसेच राहिले असते. पण बाबासाहेब तळ्यावर गेले ते पाण्याच्या टंचाईमुळे नाही. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी ते गेले आणि तसे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्याची किंमत लोकांनी डोकी फुटेपर्यंत मार खाऊन मोजली. पुढे दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

पाणपोई आणि तळे यांतला हा फरक लक्षात ठेवला तर आजच्या प्रत्येक वाटपाच्या कार्यक्रमाकडे नीट बघता येते. हे दप्तर पाणपोई आहे की तळ्याकडे जाणारे पाऊल आहे, एवढेच विचारायचे.

हाच वाद पाच वर्षांनी पुन्हा उभा राहिला. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ मध्ये अस्पृश्यता निवारणासाठी संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी विलायतेला जाताना बोटीवरून संस्थेचे सचिव ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. निवडक व्यक्तींना मदत करून त्यांना सुधारायचे की सगळ्या वर्गाची परिस्थिती बदलायची, हा त्यातला मुख्य मुद्दा. विहिरी, शाळा, चावडी, प्रवासाची साधने इथे नागरी हक्क बजावण्याची मोहीम गावोगाव काढा, असे त्यांनी सुचवले. काम करणारे अस्पृश्यांमधूनच घ्या, असेही सांगितले. संघाने तो रस्ता घेतला नाही. सवर्णांनी करायचे हे प्रायश्चित्त आहे, त्यामुळे कारभारही त्यांनीच करायचा, अशी गांधीजींची भूमिका राहिली. पैसा आमच्या नावाने जमणार, आणि आमच्यासाठी काय करायचे ते दुसरे ठरवणार. आजच्या धर्मादाय सायकलफेरीची पद्धत पाहिली तर ती त्याच मार्गाने चालली आहे, फक्त खादीच्या जागी टी-शर्ट आला आहे.

इथे काही जण म्हणतील, "मग बाबासाहेबांनी मदत घेतली नाही का?" घेतली. आणि ती कशी घेतली हे बघण्यासारखे आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती करार करून. शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट त्यात होती. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या जबाबदाऱ्या कागदावर लिहिलेल्या होत्या. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसे महाराजांचे, पण पत्र कसले काढायचे आणि त्यात काय लिहायचे हे ठरवणारे बाबासाहेब. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रहाला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. परिषदेत काय बोलायचे हे त्यांनी सांगितले नाही. आपला कार्यक्रम आपण ठरवलेला असेल आणि त्याला कुणी हातभार लावत असेल, तर ती मदत आनंदाने घ्यावी. तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

आम्ही बौद्ध आहोत, त्यामुळे दानाविषयी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दहा पारमितांमध्ये दान आहे. पण विहारात दान कसे दिले जाते ते आठवा. भिक्खू पात्र घेऊन उभा असतो आणि दान देणारा उपासक त्याच्यापुढे वाकतो. देणारा नम्र असतो, घेणारा ताठ असतो. वाटपाच्या कार्यक्रमात हे उलटे होते. देणारा मंचावर आणि घेणारा रांगेत. घेणाऱ्याने हसायचे, आभार मानायचे, फोटोला उभे राहायचे. लहान वयात ही सवय लागली की आपण मागणारे आहोत आणि ते देणारे आहेत हे मनात पक्के बसते. दप्तर दोन वर्षांत फाटते. मनात बसलेले जात नाही.

मग याला पर्याय काय? तो शोधायला लांब जायला नको. आपल्या प्रत्येक वाडीचे एक मुंबई मंडळ आहे. गिरणीत, गोदीत, महानगरपालिकेत लागलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी चाळीच्या खोलीत बसून ही मंडळे उभी केली. दरमहा वर्गणी, पावतीपुस्तक, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, हिशेब तपासनीस. रविवारची सभा आणि त्या सभेतली भांडणेही. वाडीतले विहार, चढावरची पाखाडी, पाण्याची टाकी यांतले कितीतरी काम या वर्गणीतून झालेले आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची छपरे उडाली. टाळेबंदीचे दिवस होते, अनेकांचे पगार थांबले होते. तरीही आमच्या भागातल्या मंडळांनी वर्गणी काढून पत्रे आणि ताडपत्र्या पाठवल्या. कुणाला किती पत्रे गेले याची यादी वाडीच्या बैठकीत वाचली गेली. ज्याला कमी मिळाले त्याने तिथेच उठून विचारले.

हे विचारणे फार महत्त्वाचे आहे. वर्गणी देणारा आणि त्या वर्गणीतून ज्याचे काम होते तो, दोघेही एकाच सभेत बसतात. त्यामुळे हिशेब मागता येतो. दान देणाऱ्याला हिशेब मागणारा माणूस कृतघ्न ठरतो. आपल्या मंडळांत सगळे चांगले चालले आहे असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक मंडळांच्या कार्यकारिणीत महिला नावापुरत्या असतात, तरुणांना बोलू दिले जात नाही, हे बदललेच पाहिजे. पण ते बदलण्याची जागा आपल्या हातात आहे. बाहेरच्या संस्थेची कार्यकारिणी आपण बदलू शकत नाही.

सायकलीचेच बोलायचे तर सायकल हे आपले वाहन आहे. २००६ साली बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना काढली. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. ती योजना सगळ्या मुलींसाठी होती. त्यासाठी कुणाला गरजू म्हणून रांगेत उभे राहावे लागले नाही. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. आपला तालुका त्यात आहे का, नसेल तर का नाही, असल्यास शाळेने किती मुलींची नावे पाठवली, हे विचारायला माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो.

आणि लांब पल्ल्याच्या सायकल यात्रेचे म्हणाल, तर तीही आपल्या चळवळीने केलेली आहे. १९८३ साली डीएस-फोरच्या कार्यकर्त्यांना घेऊन कांशीराम साहेब सायकलवरून निघाले आणि चाळीस दिवस राज्याराज्यांतून हिंडले. पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून चळवळीत आलेला हा माणूस. दोन पाय आणि दोन चाके एवढ्या भांडवलावर त्यांनी वस्त्यावस्त्यांत सभा घेतल्या. ते वाटायला काही घेऊन गेले नव्हते. लोकांकडूनच त्यांनी जेवण घेतले, पैसे घेतले आणि मते मागितली. दुसऱ्या वर्षी, १४ एप्रिल १९८४ रोजी, बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. त्यांच्या राजकारणाविषयी कुणाची काही मते असोत, वस्तीतल्या माणसाला देणारा बनवले की तो मालक होतो, हे त्यांना बरोबर कळले होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. धर्मादाय ताफा गावात येणार असेल तर आधी चार प्रश्न लेखी विचारा. एक, एकूण निधी किती जमला, प्रवास, हॉटेल, टी-शर्ट आणि सोबतच्या गाडीवर किती गेला, आणि वाडीत किती आला? नोंदणीकृत न्यासाला हिशेब तपासून घेणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हा प्रश्न अपमानाचा नाही. दोन, काय द्यायचे हे कुणी ठरवले? वाडीची बैठक झाली होती का? तीन, मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांच्या संमतीशिवाय काढले जाणार नाहीत याची हमी मिळेल का? आणि चार, एसटीसाठी, शाळेसाठी, शिष्यवृत्तीसाठी आम्ही तहसीलदारांना, आगारप्रमुखांना, जिल्हा परिषदेला निवेदन देतो आहोत, त्यावर तुम्ही सही कराल का? मुंबई-पुण्यातल्या मोठ्या पदावरच्या पन्नास माणसांची सही आगारप्रमुखाच्या टेबलावर गेली तर तिचा उपयोग पाचशे दप्तरांपेक्षा जास्त होईल.

जे या प्रश्नांना सरळ उत्तरे देतील त्यांचे स्वागत करा. त्यांना वाडीत वर बोलवा, विहारात बसवा, आपल्या घरची भाकरी खाऊ घाला. जे रागावतील त्यांच्या दप्तरांवाचून आपली मुले अडाणी राहणार नाहीत.

शेवटचे सांगणे आपल्या तरुणांना. तुमच्यातले कितीतरी जण आता सायकल चालवतात, रविवारी घाट चढतात. या मार्गावर एकदा आपली यात्रा काढू. अलिबागजवळच्या चरीपासून निघू, जिथे १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीनदारांविरुद्ध संप केला. खोती पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ती लढाई याच मातीतली. तिथून दासगावला जाऊ. रामचंद्र बाबाजी मोरे यांचे हे गाव. डिसेंबर १९२७ मध्ये 'पद्मावती' बोटीतून बाबासाहेब इथल्याच बंदरात उतरले आणि कार्यकर्त्यांसह पायी महाडला गेले. मग गोपाळबाबा वलंगकरांचे रावढळ, चवदार तळे, मंडणगड तालुक्यातले आंबडवे आणि दापोलीजवळचे रमाईचे वणंद. मुक्काम हॉटेलात नको, वाडीत करू. वाटायला काही नेऊ नये. प्रत्येक वाडीत बसून एवढेच लिहून घेऊ की शाळा किती लांब आहे, एसटी किती वाजता येते, शिष्यवृत्ती कुणाची अडली आहे, सातबारावर नाव कुणाचे आहे. खर्च वर्गणीतून करू आणि शेवटच्या मुक्कामी सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवू.

जमवलेली यादी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊ. तिथे आपण कुणाच्या दयेचे लाभार्थी म्हणून उभे राहणार नाही.

जयभीम!